पासपोर्ट ठाण्यात, पोच कुठाय?

वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला की बिल्डरच्या आधी भांडणं येऊन पोचतात. आमच्या सोसायटीतही आली. संमतीपत्रांवरच्या सह्या खोट्या आहेत अशी एका सभासदानं तक्रार केली आणि आम्हा कमिटीवाल्यांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. कलम बदललं तरी लोकांच्या तोंडी अजून चारसोवीसच. गुन्हा ज्या ठाण्यात नोंदला गेला त्याचं नाव घेत नाही. जबाबाला बोलावलं, आधार आणि पासपोर्ट सोबत आणा म्हणाले. जबाब झाला, आधार परत मिळालं. पासपोर्ट मात्र साहेबांच्या टेबलाच्या खणात गेला. “तपास संपेपर्यंत असू द्या इथंच.”

ठाणे कोर्टातल्या आमच्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “काका, पोच कुठाय?” पोच कुणालाच मिळाली नव्हती. पंचनामा नाही, जप्तीची नोंद नाही. म्हणजे कागदोपत्री माझा पासपोर्ट पोलिसांकडे नव्हताच!

यातला कायदा वकीलबाईंनी मला समजावला तो असा. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर पोलीस पासपोर्ट जप्त करू शकतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 102 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 106 आहे. पण जप्त करणं वेगळं आणि अडकवून ठेवणं वेगळं. सुरेश नंदा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली स्पष्ट सांगितलं की पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 10(3) नुसार पासपोर्ट अधिकाऱ्याचा आहे, सीबीआयचा किंवा पोलिसांचा नाही. पोलिसांना तो ठेवायचाच असेल तर त्यांनी पासपोर्ट कार्यालयाला कारणं लिहून कळवावं; निर्णय त्या कार्यालयानं घ्यायचा. त्या कार्यालयालाही मनमानी करता येत नाही. 1977 मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट ‘जनहितार्थ’ एवढंच म्हणून काढून घेतला होता आणि कारणं द्यायलाही नकार दिला होता. त्यावर 25 जानेवारी 1978 चा जो निकाल आला, त्यामुळे आज तुम्हाआम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. आदेश विरोधात गेला तर अपिलाला तीस दिवस असतात.

जामीन देताना न्यायालयच पासपोर्ट जमा करायला सांगतं ती गोष्ट निराळी. तो आदेश लेखी असतो आणि त्यात बदल मागायचा तर त्याच न्यायालयाकडे जावं लागतं.

आम्ही आधी ठाण्याला लेखी अर्ज दिला: पासपोर्ट कोणत्या कलमाखाली घेतला, जप्तीचा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेला का, नसेल तर परत द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. आमच्या बाबतीत त्या शिक्क्यानंच काम झालं, पासपोर्ट परत आला. तसं झालं नसतं तर न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर तो सोडवावा लागला असता. तोंडी विनवण्यांत मात्र आमचे हेलपाटे तेवढे झाले.

पोलिसांना आपल्याबद्दल काय काय मिळू शकतं, हे पुढे दोषारोपपत्राच्या नकला हातात आल्यावर कळलं. माझा पासपोर्टचा जुना अर्ज, त्यावरची सही, पत्त्याचे पुरावे, सगळं त्यात जोडलेलं. तपास अधिकारी नव्या संहितेच्या कलम 94 खाली पत्र देऊन पासपोर्ट कार्यालयाकडून हे मागवू शकतो. परदेशी केव्हा गेलात, केव्हा आलात, ही माहिती इमिग्रेशनकडून येते. शेजाऱ्यानं माहिती अधिकारात तीच मागितली तर खासगी म्हणून नाकारली जाऊ शकते. पोलिसांना ती आडकाठी नाही. तेव्हा जुन्या अर्जावर एक पत्ता आणि नव्यावर दुसरा असेल, तर त्याचा खुलासा आधीच तयार ठेवा.

आता आमच्या खजिनदारांची गोष्ट. पासपोर्टच्या अर्जासाठी नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे. न्यायालयानं दखल घेतल्यावरच खटला प्रलंबित धरायचा, असं परराष्ट्र मंत्रालयानं 10 ऑक्टोबर 2019 च्या पत्रकात म्हटलं आहे. दोषारोपपत्र जाऊन आम्हाला समन्स आलं, त्यानंतर खजिनदारांचा पासपोर्ट नूतनीकरणाला आला. खटल्याच्या रकान्यात एजंटानं ‘नाही’ भरलं. “पोलीस कुठं बघतात?” पोलीस पडताळणी असते ती बघण्यासाठीच. अहवाल विरोधात गेला आणि कारणे दाखवा नोटीस आली. माहिती लपवणं हे पासपोर्ट अडकवण्याचं स्वतंत्र कारण आहे, शिवाय पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली तो गुन्हाही आहे. मूळ खटल्यातून सुटलात तरी हे मागे राहतं.

मी माझ्या अर्जात त्या रकान्यात ‘हो’ लिहिलं आणि आधी न्यायालयाची परवानगी घेतली. 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेनुसार खटला चालू असतानाही न्यायालयाच्या परवानगीनं पासपोर्ट मिळतो. त्यात एक मेख आहे. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा निघतो. म्हणून वकिलांना सांगून अर्जाच्या विनंतीतच किती वर्षांचा हवा ते लिहून घ्या, आणि आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन मगच वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ ठरवा. परवानगी नुसती प्रवासाची आहे की नूतनीकरणाचीही, तेही प्रत हातात आल्या आल्या कोर्टातच वाचून बघा. दुरुस्ती हवी असेल तर वकील तोवर आवारातच असतात.