चुलीवर मोबाइल चार्ज होईल, पण भाकरी?

अगं, आधी बस, पाणी पी. बचत गटानं वीज देणाऱ्या चुली घरोघरी पोचवायचं काम तुझ्यावर टाकलं म्हणून झोप उडालीय ना तुझी? तू करशील गं. फक्त ती चूल काय करते आणि काय नाही, हे आधी नीट समजून घे.

बघ, त्या चुलीत एक छोटी पट्टी असते. तिची एक बाजू विस्तवानं तापते, दुसरी त्या मानानं थंड राहते, आणि या फरकातून वीज मिळते. सीबेक नावाच्या शास्त्रज्ञानं १८२१ मध्ये हा परिणाम पाहिला होता. बायोलाइट कंपनीच्या चुलीत त्या विजेवर पंखा फिरतो, जाळाला हवा मिळते आणि बराचसा धूर आतच जळून जातो. उरलेल्या विजेवर मोबाइल चार्ज होतो, छोटा दिवा लागतो. बस्स. टीव्ही चालेल असं कुणाला चुकूनही वाटू देऊ नकोस.

खरं सांगू का, मोबाइलचं नाव काढलंस की घरातले पुरुष आधी पुढे येतील. येऊ देत. पण रोज चुलीपुढे बसणाऱ्या बाईला वेगळं गाठ आणि तिचं ऐक. तिला भाकरी करायचीय. तव्यावरून काढलेली भाकरी ती चुलीच्या तोंडाशी, पुढे ओढलेल्या निखाऱ्यांवर शेकते. या चुलीचं तोंड एवढंसं, तिथं भाकरी टेकवणार कुठे? शिवाय सरपण बारीक लागतं. जुन्या चुलीत एक जाड लाकूड सरकवलं की ती मोकळी; इथं कोयत्यानं काटक्या करा आणि सारख्या घालत बसा. हे जास्तीचं काम तिच्याच अंगावर पडणार ना? म्हणून चहा उकळून चूल दाखवू नकोस गं. तिच्या घरी जा, तिचंच सरपण घे, तिचाच तवा ठेव आणि अख्ख्या घराचा स्वयंपाक तिलाच करू दे. पावसाळ्यात ओली लाकडं असताना तर नक्कीच जा. तिनं नाक मुरडलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, का मुरडलं ते विचार.

धुराबद्दल मात्र जपून बोल. घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, तेव्हा तुझं काम मोलाचंच आहे. पण घानामध्ये गरोदर बायकांना अशाच पंख्याच्या चुली देऊन पाहिल्या, तेव्हा बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. म्हणून ‘बाळ गुटगुटीत होईल’ असला शब्द देऊ नकोस. ‘धूर कमी होईल, तेवढं दार-खिडकी उघडी ठेव’, इतकंच सांग. आणि ज्या घरी उज्ज्वला योजनेतला गॅस सिलिंडर आहे आणि तो भरून घेणं परवडतंय, तिथं ही चूल गळ्यात मारू नकोस. गॅस जास्त स्वच्छ आहे, तो वापरू देत.

ओडिशातली गोष्टही लक्षात ठेव. तिथं वाटलेल्या सुधारित मातीच्या चुलींनी पहिल्या वर्षी थोडा धूर कमी केला, पण पुढे डागडुजी झाली नाही, वापर घटला आणि फायदा उरला नाही. तुझ्या चुलीला तर पंखा आहे, वायर आहे. नादुरुस्त झाली की ती कोपऱ्यात जाऊन पडणार. तेव्हा पैसे देण्याआधीच कंपनीला विचारून घे: पंखा बंद पडला तर भाग कुठे मिळणार, किती दिवसांत, किती रुपयांत? तोंडी उत्तर नको, कागदावर लिहून सही-शिक्का घे. गटातल्या दोघी-तिघींना चूल उघडून राख झाडायला आणि पंखा साफ करायला शिकव, आणि पहिल्या चुली त्यांच्याच घरी दे. बाकी घरांची यादी नंतर करू, घाई नाही.