श्वासावरून निवडायचं हेल्मेट

चि. सायलीस,


यंदाच्या हिवाळ्यात मिशिगनमधल्या होटनच्या आसपासच्या वाटांवर मित्रमैत्रिणींबरोबर स्नोमोबाइल चालवायला जाणार असल्याचं तू कळवलंस आणि सोबत तीन प्रश्न विचारलेस. पुण्याहून नेलेलं स्कूटरचं हेल्मेट चालेल का, मैत्रिणीचं जुनं पडून आहे ते वापरावं का, आणि नवंच घ्यायचं तर सर्वांत मजबूत कोणतं? मजबुतीची चौकशी तू केलीस हे योग्यच झालं. पण तो प्रश्न लेबल वाचून आणि माप बघून तासाभरात सुटेल. बर्फावरचं हेल्मेट अडतं ते श्वासापाशी. बंद हेल्मेटमध्ये, उणे पंधरा अंशांत, दोन-तीन तास श्वास सोडत राहिल्यावरही समोरचं स्पष्ट दिसतं का, यावर माझ्या मते तुझी निवड ठरावी. ज्या हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते त्याची काच माणूस वर करतो, नाहीतर आंधळेपणाने गाडी हाकतो. दोन्ही वेळा हेल्मेट डोक्यावर असूनही त्याचं निम्मं काम थांबलेलं असतं.

आधी मजबुतीचं बघू. मिशिगनच्या कायद्यानुसार, खाजगी जमिनीचा अपवाद सोडला तर, स्नोमोबाइल चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या मानकाचं, म्हणजे ‘डॉट’चं, हेल्मेट घालावंच लागतं. याच राज्याने २०१२ साली एकवीस वर्षांवरच्या मोटारसायकलस्वारांना काही अटींवर हेल्मेटमधून सूट दिली, पण बर्फावर ती नाही. तेव्हा ‘इथे मोठी माणसंसुद्धा उघड्या डोक्याने मोटारसायकल चालवतात’ असं कुणी म्हणालं तर ते इथे लागू नाही. डॉटच्या चाचणीत हेल्मेट घातलेलं धातूचं डोकं १.८३ मीटरवरून सपाट ऐरणीवर सोडतात. त्या वेळी डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पटींपुढे जाता कामा नये. इथे एक गोष्ट ध्यानात ठेव. डॉटचा शिक्का कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर लावते, सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं. युरोपच्या ‘ईसीई’ मानकात मात्र विक्रीआधीच त्रयस्थ प्रयोगशाळेत चाचणी होते. त्यातली २२.०६ ही नवी आवृत्ती तिरक्या आघाताचीही परीक्षा घेते, कारण डोकं गरकन फिरलं तरी मेंदूला इजा होते. शिवाय डॉटमध्ये थंडीची कसोटी उणे दहा अंशांवर होते, ईसीईत उणे वीसवर. होटनमध्ये उणे दहा ही काही विशेष थंडी नाही. म्हणून कायद्यासाठी डॉट हवाच, पण जोडीला ईसीई २२.०६ किंवा अमेरिकेतल्याच स्नेल फाउंडेशनचा शिक्का असेल तर तेच उचल. एवढं झालं की मजबुतीची काळजी संपली. तिथून पुढे जास्त पैसे मोजून जास्त मजबुती मिळेलच असं नाही. महाग हेल्मेटात बरेचदा हलकेपणाचे, अस्तराचे आणि काचेचे पैसे असतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की बर्फ मऊ असतो, पडलं तरी काय होणार? ताज्या भुसभुशीत बर्फाबद्दल हे काही अंशी खरं आहे. पण तुम्ही जाणार त्या वाटा यंत्राने दाबून सपाट केलेल्या असतात आणि रात्रीच्या थंडीत फरशीसारख्या टणक होतात. कडेला मेपलची झाडं उभी असतात. होटन आणि हॅन्कॉकच्या मधला उचलता पूल हिवाळ्यात पार खाली उतरवून ठेवतात आणि त्याच्या खालच्या मजल्यावरून स्नोमोबाइल पलीकडे जातात. तिथे अवतीभवती नुसतं पोलाद आहे. आणि खालचा बर्फ मऊ असला तरी अंगावर येणारी गाडी दोन-अडीचशे किलोची असते. दुसरा आक्षेप जास्त विचार करून केलेला आहे. १.८३ मीटरवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग ताशी साधारण २२ किलोमीटर होतो, मग ताशी ८० ने जाणाऱ्याला असलं हेल्मेट काय वाचवणार? याचं उत्तर वेगाच्या दिशेत आहे. माणूस गाडीवरून फेकला जातो तेव्हा पुढचा वेग बराचसा घसरण्यात खर्ची पडतो, जमिनीवर डोकं आपटतं ते खाली येण्याच्या वेगाने, आणि तो बसल्या उंचीवरून पडण्याएवढाच असतो. त्या आपटण्यासाठी हेल्मेट बनवलेलं आहे. समोरून झाडावर आदळलीस तर हा हिशेब उरत नाही, आणि जगातलं कुठलंही हेल्मेट तिथे हमी देत नाही. मग झाड टाळायचं तर ते वेळेत दिसायला हवं. म्हणूनच मी दृष्टीला आणि श्वासाला एवढं महत्त्व देतो आहे.

आता मुख्य गोष्ट. तोंडातून निघणारी हवा शरीराइतकी उबदार आणि बाष्पाने भरलेली असते. हेल्मेटची काच बाहेरच्या हवेइतकी गार. ऊबदार ओली हवा गार काचेला लागली की बाष्प तिथेच धरतं, आणि काच शून्याच्या खाली असेल तर ते गोठतं. पुण्यात पावसाळ्यात काचेवर वाफ धरते ती दोन मिनिटं काच उघडली की जाते. इथे मात्र काचेच्या आतल्या बाजूने बर्फाचा पातळ पापुद्रा चढतो, तो हातमोज्याने पुसला तर काचेवर ओरखडे पडतात आणि पुढच्या चार श्वासांत तो पुन्हा येतो. वैतागून काच वर करावी तर वारा लागतो. अमेरिकी हवामान खात्याच्या तक्त्याप्रमाणे उणे १८ अंशांत ताशी ९५ किलोमीटरचा वारा अंगावर घेतला तर उघड्या कातडीला ते उणे ३६ सारखं लागतं. बाहेर झुळूकही नसली तरी गाडीचा वेगच हा वारा तयार करतो. अशा वाऱ्यात गाल आणि नाकाचा शेंडा गोठायला अर्धा तासही लागत नाही, आणि डोळ्यांतून पाणी यायला तर मिनिटही नाही.

याच्यावर तीन उपाय आहेत आणि चांगल्या हेल्मेटात ते एकत्र असतात. एक, नाक-गालांना लागून बसणारा रबरी मुखवटा. तो श्वास काचेकडे जाऊ न देता खाली आणि बाजूंनी बाहेर सोडतो. दुकानात हेल्मेट घालून बघशील तेव्हा सर्वांत जास्त वेळ यावर घालव. तो नाकाच्या उंचवट्यावर नीट बसत नसेल, डोळ्यांखाली फट राहत असेल, तर बाकी सगळं उत्तम असलं तरी ते हेल्मेट तुझ्या चेहऱ्याचं नाही. दोन, दुहेरी काच. तुझ्या खोलीच्या खिडकीला दोन काचा आहेत आणि मध्ये हवा आहे, तसंच हे. आतली काच बाहेरच्या थंडीपासून वेगळी राहते, म्हणून तिच्यावर बाष्प सहजी धरत नाही. दोन काचांमधली कडेची पट्टी अखंड आहे का ते उजेडात धरून बघ, कारण तिथून ओल शिरली तर ती वाफ पुसायला हात पोचत नाही. तीन, विजेवर तापणारी काच. तिची तार गाडीवरच्या सॉकेटला जोडतात. हा उपाय सर्वांत खात्रीचा, पण गाडी बंद तर तोही बंद. प्रत्येक गाडीला तसं सॉकेट नसतं, मागे बसणाऱ्यासाठी तर त्याहून कमी वेळा असतं, म्हणून गाडी भाड्याने घेताना आधी विचार. तार जाकिटात घट्ट गुंडाळून ठेवू नकोस. गाडीवरून पडलीस तर ती झटक्यात सुटून यायला हवी. वाहनाची तार नसलेल्या दिवशीही चालेल असा मुखवटा आणि दुहेरी काच हा तुझा पाया, आणि वीज ही त्यावरची जोड, अशा क्रमाने विचार कर.

तुला चष्मा आहे, म्हणून तुझ्यासाठी हा प्रश्न दुप्पट आहे. काचेवर न धरलेली वाफ चष्म्यावर धरते. चष्मेवाल्यांना हनुवटीचा भाग वर उचलता येणारं, ज्याला मॉड्युलर म्हणतात ते हेल्मेट सोयीचं पडतं. चष्मा न काढता डोक्यात घालता येतं, थांबल्यावर पाणी पिता येतं, बोलता येतं. यात वजन थोडं वाढतं आणि बिजागरीचा एक जोड वाढतो. त्यात पुन्हा, डॉटच्या मानकात हनुवटीच्या पट्टीवर आघाताची चाचणीच नाही. म्हणजे निव्वळ डॉट लिहिलेल्या मॉड्युलर हेल्मेटची हनुवटी किती टिकेल हे शिक्क्यावरून कळत नाही. ईसीईच्या लेबलावर मात्र इंग्रजी ‘पी’ अक्षर असेल तर हनुवटी संरक्षक म्हणून तपासली गेलेली असते, आणि ‘पी’ व ‘जे’ दोन्ही असतील तर उघड्या-बंद दोन्ही रूपांत. मॉड्युलर घेणार असशील तर ते ‘पी’ शोधच. चष्म्याच्या दांड्या गालाच्या गादीखाली दबून कानशिलं दुखतात का, हे दुकानात वीस मिनिटं घालून बसल्याशिवाय समजणार नाही.

समोर उघडं, वर टोपीसारखा छज्जा आणि वेगळे गॉगल असा एक प्रकार तुझ्या मित्रांपैकी काहींकडे दिसेल. तो पश्चिमेकडच्या डोंगरांत खोल बर्फात उभ्याने गाडी खेळवणाऱ्यांचा. तिथे अंगमेहनत असते, घाम येतो, वारा हवासा वाटतो. तुमच्या कीविनॉ भागातल्या सरळ वाटांवर तासन्‌तास बसून जाणाऱ्याला त्याचा उपयोग कमी, आणि चष्म्यावर गॉगल ही तर डोकेदुखी.

पुण्याचं हेल्मेट मात्र खोलीतच राहू दे. ते आयएसआयचं आहे आणि पुण्याच्या रस्त्यावर ते तू घालतेस याचा मला आनंदच आहे. त्या शहरात हेल्मेटसक्तीवर किती वाद झाले हे तुला ठाऊक आहे. पण त्यावर डॉट नाही, त्याची काच एकेरी आहे, आणि त्याच्या कपाळावरची भोकं उन्हाळ्यात वारा आत घेण्यासाठी आहेत. मैत्रिणीच्या जुन्या हेल्मेटबद्दल माझा आक्षेप निराळा आहे. कवचाच्या आत जो थर्माकोलचा थर असतो तो आघात झेलताना चेपतो आणि परत फुगत नाही. म्हणजे एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत असलं तरी आतून खर्ची पडलेलं असू शकतं, आणि ते बघून ओळखता येत नाही. स्नेल फाउंडेशन तर न आपटलेलं हेल्मेटही पाच वर्षांनी बदलायला सांगतं, कारण घाम, केसांचं तेल आणि वापर यांनी आतला माल उतरतो. गॅरेजमध्ये पेट्रोलच्या डब्याशेजारी ठेवलेलं असेल तर आणखीच वाईट, पेट्रोलच्या वाफेनेही कवच आणि थर्माकोल दोन्ही बिघडतात. त्याचा इतिहास तिला नक्की सांगता येत असेल, आतल्या लेबलावर अलीकडचं वर्ष असेल आणि ते तुला नीट बसत असेल, तर घे. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळणं कठीण.

नीट बसणं म्हणजे काय तेही सांगतो. भुवयांच्या किंचित वरून टेप गुंडाळून माप घे आणि त्या कंपनीच्या तक्त्यात बघ. एकीचं मध्यम ते दुसरीचं लहान असतं. हेल्मेटने गाल दाबले पाहिजेत, कपाळावर एकाच जागी टोचता कामा नये. पट्टा लाव, मग मागची खालची कड धरून हेल्मेट पुढे लोटून बघ. ते निघून आलं तर एक माप कमी घे. केस खाली वेणीत बांध, डोक्यावर अंबाडा नको. आईने दिलेली जाड लोकरी माकडटोपी आत घालू नकोस. ती हेल्मेट वर उचलून धरते आणि पुढे दबून सैल होते. पातळ, घाम शोषणारी माकडटोपी मिळते, ती घालूनच माप घे. हातमोजे घातलेल्या हातांनी बक्कल उघडता-लावता येतं का तेही तिथेच बघ. काच रंगीत घेऊ नकोस. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि परतीची वाट बहुधा अंधारातलीच असते.

पैशाचा मुद्दा तू काढला नाहीस, पण विद्यार्थ्याच्या खिशाला तो आहेच. साध्या काचेचं डॉट हेल्मेट शंभर-दीडशे डॉलरांत मिळतं, विजेच्या काचेचं त्याच्या दुपटी-तिपटीत जातं. एखाद्याच दिवसासाठी जाणार असाल तर विकत घेण्याची गरज नाही, गाडी भाड्याने देणारे हेल्मेटही देतात. मात्र तेव्हाही वर सांगितलेलं सगळं तपासायला संकोच करू नकोस, आणि दिलेलं हेल्मेट बसत नसेल तर दुसरं माग. हंगामभर जाणार असशील तर दुहेरी काच आणि चांगला मुखवटा असलेलं मधल्या किमतीचं घे आणि विजेची काच पुढच्या वर्षी जोड. त्याच हेल्मेटला ती नंतर बसवता येते का, हे खरेदीच्या वेळी विचारून ठेव.

हेल्मेटच्या आतल्या लेबलावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. घेण्याआधी ते लेबल आणि मागचा शिक्का यांचे फोटो मला पाठव, आणि मुखवटा नाकावर बसल्यावर समोरून काढलेला एक फोटोही. चष्मा घालूनच काढ.

तुझा,
मामा