लेबल नसलेली पावडर

मी बीएएमएस. दवाखान्यात रसौषधी, म्हणजे धातू-खनिजांची औषधं, रोज वापरते. आरोग्यवर्धिनी, सूतशेखर लिहिल्याशिवाय माझा दिवस जात नाही. तेव्हा पुढचं सगळं आयुर्वेदाविरुद्ध आहे, असं कुणी समजू नये.

एसटीतून निवृत्त झालेले एक काका पोटात कळ मारते म्हणून आले. शौचाला घट्ट, भूक मेलेली, सांधे धरलेले. सोनोग्राफी झाली होती, दुर्बिणीची तपासणीही झाली होती, दोन्ही नॉर्मल. हिमोग्लोबिन मात्र घसरलेलं आणि लोहाच्या गोळ्यांना दाद देत नव्हतं. "आणखी काही औषध चालू आहे का?" विचारलं तर म्हणाले, "छे, शुगरची गोळी तेवढी." उठता उठता काकू बोलल्या, "अहो, ती पावडर सांगा की!"

पावडर हे औषध, हे काकांच्या गावीच नव्हतं. जडीबुटीच ना ती! दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या रिकाम्या बरणीतून ती घेऊन आले. करडी, मऊसूत, आणि बरणीवर लेबल फक्त लोणच्याचं. मी रक्तातलं शिसं तपासायला लावलं. 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त शिसं आढळलं, तर ते कुठून येतंय हे शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काकांचा आकडा साठच्या वर होता.

तरी त्यांचा पावडरीवरचा विश्वास ढळेना. "ताई, पाण्यावर तरंगते ती. मी स्वतः पाहिलंय."

हे वाक्य मी फार जणांकडून ऐकते. तरंगणारं भस्म वारितर, बोटांच्या रेषांत शिरून बसणारं रेखापूर्ण, चकाकी गेलेलं निश्चंद्र. कॉलेजात या परीक्षा आम्हीही केल्या आहेत आणि त्या चांगल्याच आहेत. मारण, म्हणजे धातूचं भस्म करणं, नीट झालं का, कण पुरेसा बारीक झाला का, हे त्यांतून कळतं. पण पोटात गेल्यावर त्यातला किती धातू रक्तात उतरेल, हे वाटीभर पाण्याला कसं कळणार? शिवाय कच्च्या मालातून भलताच धातू शिरला असेल, तर तोही तरंगेल.

कोणता धातू किती आहे, हे कळायला आयसीपी-एमएससारखं यंत्र लागतं. निव्वळ वनौषधींसाठी मर्यादा ठरलेल्या आहेत: शिसं 10 पीपीएम, आर्सेनिक 3, पारा 1, कॅडमियम 0.3. रसौषधीला हे आकडे लावता येत नाहीत, कारण तिच्यात धातू मुद्दामच घातलेला असतो. म्हणून "हेवी मेटल टेस्टेड" एवढ्यावर समाधान मानू नका. याच बॅचचा अहवाल आहे का, ते विचारा. चांगल्या उत्पादन पद्धतीचा (जीएमपी) शिक्का कारखान्याला असतो, हातातल्या डबीला नव्हे. काकांच्या पावडरीतलं शिसं पीपीएममध्ये नाही, टक्क्यांत निघालं.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेली 193 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली. सुमारे 21 टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. अमेरिकेत बनलेल्या आणि भारतात बनलेल्या मालात फारसा फरक नव्हता. 2011-12 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा गर्भवती स्त्रियांना भारतातून आलेल्या अशा औषधांतून शिशाची बाधा झाली होती. माझ्याकडे दिवस गेलेली बाई आली, की मी आधी पर्समधल्या पुड्या बाहेर काढायला लावते. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं.

बाजारातल्या औषधावर घटक, त्यांचं प्रमाण, परवाना क्रमांक, बॅच नंबर असायलाच हवा. औषध नियमांतल्या अनुसूची ई(1) मधली विषारी द्रव्यं असतील तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचनाही. वैद्य आपल्या रुग्णासाठी स्वतः औषध बनवत असेल तर त्याला परवान्याची अट नाही, आणि तिथेच मेख आहे: तिथे विचारायचं तुम्हीच. यात कोणतं भस्म आहे, किती आहे, किती दिवस घ्यायचं? या प्रश्नाचा राग येणाऱ्याकडून मी तरी पुडी घेणार नाही. "गुप्त नुस्खा" ऐकलं की तिथूनच परत फिरा.

काकांशी लक्षणं जुळत असतील तर पावडर आधी बंद करा आणि फिजिशियनला तिच्यासकट भेटा. शिसं हाडांत वर्षानुवर्षं मुरून राहतं, त्यामुळे नंतरही तपासण्या कराव्या लागतात. शिसं बाहेर काढणारी औषधं असतात, पण ती कुणाला द्यायची हे रक्तातला आकडा आणि रुग्णाची अवस्था बघून डॉक्टर ठरवतात. "डिटॉक्स"च्या नादी लागून दुसरी पावडर सुरू करू नका. आणि उरलेली रागाने मोरीत ओतू नका. झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. प्रयोगशाळेला तीच लागते. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी केंद्रं काही आयुर्वेद महाविद्यालयांत आहेत, तिथे कळवा. काकांच्या वतीने फॉर्म मी भरला. पावडर देणाऱ्याचं नाव सांगायला मात्र ते अजून तयार नाहीत.