आधी बिल वाचा, मग गच्चीवर चढा

“सभागृहावर सोलर बसवायचं ठरतंय, जरा बघायला या,” असा एखाद्या नगरपरिषदेतून निरोप आला की मी आधी वर्षभराची वीजबिलं काढून ठेवायला सांगतो. बहुतेक ठिकाणी ती पटकन सापडत नाहीत. बिल लेखा विभागात जातं, तिथून भरणा होतो; ज्याने अंदाजपत्रक करायचं त्या माणसाने ते पाहिलेलंच नसतं.

हे मी शिकलो ते एका तालुक्याच्या गावी. इमारत दुमजली: वर लग्नकार्यांचं सभागृह, खाली स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका. विद्युत अभियंता म्हणून मी तिथे बदलून गेलो तेव्हा ‘ऊर्जाबचत’ होऊन वर्ष उलटलं होतं. सभागृहात 40 नवे बीएलडीसी पंखे, गच्चीवर 10 किलोवॅटचं सोलर, दारात कोनशिला. बिल मात्र म्हणावं तसं उतरलं नव्हतं, आणि लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाला होता.

पंख्यांचा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल. जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी 30. म्हणजे पंख्यामागे 45 वॅटची बचत, पण ती पंखा फिरेल तेव्हाच. सभागृह वर्षाला सत्तरएक दिवस भाड्याने जायचं. दिवसाला 6 तास धरले तर 40 पंख्यांचे मिळून वर्षाला 756 युनिट वाचतात. खाली अभ्यासिकेत 20 जुने पंखे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत गरगरत होते, वर्षातले 330 दिवस. ते बदलले असते तर 4,158 युनिट. सगळे आकार मिळून युनिटला 10 रुपये आणि पंखा 3,000 रुपयांना धरा. खालचे पंखे दीड वर्षात आपली किंमत फेडतात, वरच्यांना सोळा वर्षं लागतात. तरी बदलले वरचेच, कारण उद्घाटन वर होणार होतं. म्हणून खोल्याखोल्यांतून फिरा आणि कुठला दिवा, कुठला पंखा किती तास चालतो ते शिपायाला विचारून लिहून काढा. शिपायाला जे ठाऊक असतं ते कुठल्याच फायलीत नसतं.

त्या पंख्यांची दुसरी गंमत रिमोटची. एकाच मॉडेलचे पंखे ओळीने टांगलेले. एक बंद करायला जावं तर शेजारचे दोन बंद व्हायचे. लग्नाच्या गर्दीत रिमोट कुणाच्या ना कुणाच्या पिशवीतून जायचे. त्यात ठेकेदाराने जुने रेग्युलेटर बोर्डावर तसेच ठेवलेले. रिमोट सापडला नाही की लोक ते फिरवायचे आणि पंखा घुं घुं करत अडायचा. सार्वजनिक जागेसाठी भिंतीवरून वेग बदलता येईल असाच बीएलडीसी पंखा घ्या आणि जुने रेग्युलेटर काढून टाकणं कामाच्या तपशिलात लिहा. छताच्या पंख्यांना 2023पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे निविदेत ‘5 स्टार’ लिहिलं की दरावरून फार वाद होत नाही.

आता बिल. त्यातली ‘स्थिर आकार’ ही ओळ कुणी वाचत नाही. त्या इमारतीचा मंजूर भार 60 किलोवॅटच्या घरात होता. कधीकाळी कुणीतरी एसीच्या आशेने घेतलेला. एसी आलेच नाहीत. ऐन लग्नसराईतसुद्धा मीटरवरची कमाल मागणी तिशीच्या आत. सभागृह महिनाभर कुलपात असलं तरी मंजूर भाराच्या ठरावीक टक्क्यांवर आकार लागायचाच, आणि पंखे बदलून किंवा सोलर बसवून ती ओळ हलत नाही. भार कमी करण्याचा अर्ज केला तेव्हा ती हलली. यंत्र म्हणून एक रुपयाचं विकत घ्यावं लागलं नाही. मात्र अर्जाआधी बारा महिन्यांचे आकडे बघा, त्यात मे महिना हवाच. मंडपवाला बोर्डातून थेट वायर ओढून फोकस आणि डीजे लावतो. तेवढी जागा ठेवली नाही तर जादा मागणीचा दंड बसतो.

सोलरला माझा विरोध नाही. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात, पण पॅनेलवर सावली नसेल तर. इथे टाकीची सावली दुपारनंतर एका रांगेवर यायची. त्याहून वाईट म्हणजे खांब रोवताना गच्चीचा चायना मोझॅक फोडला होता. पहिल्याच पावसात अभ्यासिकेच्या जिन्यात ओल उतरली, आणि गळती काढायची तर अर्धा सांगाडा उतरवावा लागणार. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तेवढं टिकेल का, हे आधी बघा. शिवाय नेट मीटरिंगमध्ये 31 मार्चला उरलेल्या युनिटला मिळणारा दर आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. म्हणून आधी वापर कमी करा, मगच किती किलोवॅट ते ठरवा.

ही कामं मार्चअखेर निधी संपवायला काढू नका. त्या घाईत मोजमापं कागदावरच होतात आणि वॉरंटी कार्डं ठेकेदाराच्या गाडीत राहतात. शेवटचं देयक देण्याआधी ती कार्डं आणि मीटरचं आधीचं-नंतरचं रीडिंग फायलीला लावून घ्या. आक्षेप आला तर बदलून आलेला माणूस काय दाखवणार?

आणखी एक स्वस्त उपाय मी शेवटी करून घेतला: सभागृहाला वेगळा सबमीटर. ठोक भाडं भरणारा माणूस रात्री दोनला फोकस विझवत नाही. लोक ओरडतील, असं सदस्यांचं म्हणणं पडलं, म्हणून काही युनिट भाड्यातच धरले आणि वरचे मीटरप्रमाणे लावले. ओरड एक लग्नसराई टिकली. पुढच्या मोसमात मंडपवालेच आपापले एलईडी घेऊन येऊ लागले.