तापलेल्या दगडाचें चुंबकत्व

लोखंडाचा खिळा भट्टींत रसरशीत लाल होईपर्यंत तापविला, तर लोहचुंबक त्यास ओढीत नाहीं. निवाला, कीं पुन्हां ओढूं लागतो. इंग्लंडांतील विल्यम गिल्बर्ट यानें १६०० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ही गोष्ट नमूद आहे. परंतु लोखंड व प्राणवायु यांच्या संयोगानें झालेल्या खनिजांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तेथें उष्णता दोन निरनिराळीं कामें करिते, आणि त्या दोहोंची गल्लत पुष्कळ वेळां होते.

पहिलें काम तात्पुरतें. मॅग्नेटाइट या काळ्या खनिजांत लोखंडाचा प्रत्येक अणु म्हणजे एक चिमुकला चुंबकच होय. या अणूंचे दोन गट परस्परांविरुद्ध तोंडें करून असतात. पण त्यांचें बळ सारखें नसल्यामुळें कांहीं चुंबकत्व शिल्लक उरतें. गेरूस तांबडेपणा देणाऱ्या हेमेटाइटांत मात्र दोन्ही गट जवळजवळ तुल्यबळ, म्हणून तें अगदीं क्षीण. उष्णतेनें अणूंची धांदल वाढते, आणि मॅग्नेटाइटांत सुमारें ५८० अंश सेंटिग्रेडवर, हेमेटाइटांत ६७५ अंशांच्या आसपास, ही सारी शिस्त मोडते. निवतांना ती आपोआप परत येते. खनिज तेंच राहतें.

दुसरें काम कायमचें, कारण त्यांत खनिजच पालटतें. भिंतीस लावावयाची पिवडी घ्या. ती उघड्या हवेंत तापविली, तर ३०० अंशांच्या सुमारास तिच्यांतील घट्ट बांधलेलें पाणी निघून जातें व ती गेरूसारखी तांबडी होते; चुंबक तिला फारसा विचारीत नाहीं. आतां तीच पिवडी कोळशाच्या पुडींत मिसळून मातीच्या बोळक्यांत घाला, वर बारीक भोकाची झांकणी लिंपा आणि शेगडींत तासभर लाल तापूं द्या. कोळशापासून होणारा वायु खनिजांतील थोडा प्राणवायु हिरावून घेतो आणि काळें मॅग्नेटाइट तयार होतें. कागदांत गुंडाळलेला चुंबक जवळ नेतांच पूड त्यास चिकटते. (बोळकें पुरतें निवल्यावांचून उघडूं नये, गरम पूड हवा लागतांच पुन्हां तांबडी होऊं लागते. कोळशाचा वायु विषारी असल्यानें हा प्रयोग अंगणांत, शिक्षकांसमक्षच करावा.)

या भेदाचें महत्त्व आपल्या पायांखालच्या काळ्या दगडांत दिसून येतें. सह्याद्रीचे कडे सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचे. तो निवतांना त्यांतील मॅग्नेटाइटाच्या कणांनीं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेविली. त्यांत टिटॅनियम मिसळलेलें असल्यानें ही दिशा पक्की होण्याचा अंश ५८० हून बराच खालीं येतो, इतकेंच. विषुववृत्तापाशीं ही दिशा आडवी असते व ध्रुवाकडे जावें तसतशी उभी होत जाते. म्हणून तिच्या कलावरून दगड कोणत्या अक्षांशावर निवाला तें काढतां येतें. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं १९५६ सालीं भारतांतील खडकांचीं अशीं मापें प्रसिद्ध केलीं. दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हां ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें ३० अंशांवर होती, असें या खडकांवरून ठरतें. आज ती उत्तरेस आहे! भूमि सरकते कीं नाहीं, या तत्कालीन वादांत अशा दगडांची साक्ष फार मोलाची ठरली.

साक्षीदाराची उलटतपासणी मात्र हवी. दगडावर मागाहून चढलेलें चुंबकत्व पुसण्यासाठीं त्यास १०० अंश, २०० अंश असें पायरीपायरीनें तापवून, पृथ्वीचें चुंबकक्षेत्र पोंचणार नाहीं अशा जागीं निववितात व दर वेळीं दिशा मोजतात. पण तापवितांना पिवडीप्रमाणें त्यांतील एखादें खनिजच पालटलें, तर नवें मॅग्नेटाइट आपलीच दिशा सांगूं लागेल आणि जुनी साक्ष त्यांत बुडेल. म्हणून दगड किती सहज चुंबकित होतो, हेंही प्रत्येक पायरीनंतर मोजतात. तो आंकडा एकाएकीं चढला, कीं खनिज बदलूं लागल्याचा संशय धरून त्यापुढचीं मापें बाजूला ठेवितात.