छातीतले पाणी : काढायचे कधी, थांबायचे कधी

वस्तीत कुणाला धाप लागली आणि एक्स-रेमध्ये ‘छातीत पाणी’ निघाले, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, पाणी कधी काढणार? हे पाणी फुफ्फुसात नसते. फुफ्फुसाभोवती दोन पातळ आवरणे असतात, त्यांच्या मध्ये ते साचते. ते का साचले हे आधी विचारा, असे आम्ही सांगतो.

डेंग्यूचेच घ्या. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कित्येक वस्त्यांत नळ अनेक दिवसांनी येतो, म्हणून ड्रम भरून ठेवावे लागतात, आणि त्यातच डेंग्यूचा डास वाढतो. (दोष ड्रमवाल्या बाईचा नाही, नळाचा आहे.) गंभीर डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमारास रक्तातला द्रव पाझरून छातीत, पोटात साचतो. नेमक्या तेव्हाच प्लेटलेट घसरलेल्या असतात. अशा वेळी सुई घातली तर आत रक्तस्राव होऊ शकतो. पाझर साधारण एक-दोन दिवसांत थांबतो आणि शरीर ते पाणी परत शोषून घेते, म्हणून सहसा ते काढत नाहीत. डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले तर ती टाळाटाळ समजू नका. मात्र रुग्ण दवाखान्यातच हवा.

टीबीचे वेगळे. तिथे तपासणीसाठी थोडे पाणी काढावे लागते, उरलेले बहुधा सहा महिन्यांच्या औषधाने जिरते. हे औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला 1000 रुपयेही मिळतात. हृदय कमजोर असेल तर आधी लघवीच्या गोळ्या देतात. पू झाला असेल तर मात्र नळी टाकून तो काढावाच लागतो. तिथे भीतीने उशीर करू नये.

सुईआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास जरूर सांगा. स्वतःहून बंद करू नका. पाणी फारच थोडे असेल, किंवा सुईच्या जागी गळू, जखम असेल, तर धोका वाढतो. सोनोग्राफीत जागा पाहून सुई घालणार का, हेही विचारा. तथागतांनी कालामांना तपासून पाहायला सांगितले होते. डॉक्टरांना प्रश्न विचारणे हा अपमान नव्हे.

‘सगळे एकदाच काढा’ असा आग्रह धरू नका. एका वेळी साधारण दीड लिटरच्या पुढे जात नाहीत, कारण दबलेले फुफ्फुस एकदम फुलले तर त्यालाच सूज येऊ शकते. काढताना छाती आवळली किंवा खोकल्याची उबळ आली तर लगेच सांगा. घरी आल्यावर दम वाढला, छातीत कळ आली किंवा थुंकीत रक्त दिसले, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.