धूम्रपानापासून सुटका : सोडणे आणि सुटलेले टिकवणे

धूम्रपान करणारा मनुष्य ते बहुधा एकदाच सोडत नाही; अनेकदा सोडतो. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, घरात मूल जन्मल्यावर, किंवा खोकल्यामुळे एखादी रात्र बसून काढावी लागल्यावर तो विडीचे बंडल फेकून देतो. चार दिवस निभावतात. पाचव्या दिवशी चहाच्या दुकानात एखादा स्नेही विडी आणि आगपेटी पुढे करतो व पूर्वीचा क्रम पुन्हा सुरू होतो. आप्तेष्ट म्हणतात की, याच्या ठायी निश्चयच नाही. आणि पुढे तो स्वतःही तसेच मानू लागतो.

हा समज शास्त्रीय निरीक्षणांच्या कसोटीवर पुरता उतरत नाही. धूम्रपान सोडणे आणि सुटलेले टिकवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले एका दिवसात करता येते. दुसऱ्याला कित्येक महिने लागतात, आणि ते एकट्याने पार पाडणे फार अवघड असते. असे का होते व कोणत्या साहाय्याने ही अडचण दूर होऊ शकते, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

१. भारतातील तंबाखू

तंबाखूचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत ते भारतात आले. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग नावाच्या सरदाराने विजापूरहून तंबाखू नेऊन अकबर बादशहापुढे ठेवली. जहांगीराने १६१७ साली तंबाखू ओढण्यास मनाई केली. परंतु केवळ मनाईने व्यसन सुटत नाही, हाच अनुभव त्या वेळीही आला.

२०१६-१७ साली प्रौढांच्या तंबाखूसेवनाची राष्ट्रव्यापी पाहणी झाली. तीत १५ वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या व्यक्तींपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करतात, असे आढळले. २००९-१० च्या पाहणीत हेच प्रमाण ३४.६ टक्के होते. धूम्रपान करणारे १०.७ टक्के होते. विडी ओढणारे ७.७ टक्के, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के. म्हणजे आपल्या देशात धूम्रपानाचा प्रश्न हा मुख्यतः विडीचा प्रश्न आहे.

टेंभुर्णीच्या, म्हणजेच तेंदूच्या, पानात गुंडाळलेल्या विडीत तंबाखू थोडी असते. त्यावरून ती सिगारेटपेक्षा सौम्य असावी, असे पुष्कळांना वाटते. पण विडी विझू नये म्हणून ती वारंवार ओढावी लागते आणि धूर फुप्फुसांत खोलवर जातो. भारतभरातील मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरीने सुमारे ६ वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे १० वर्षांनी कमी होते, असे त्यात दिसून आले.

२. निकोटीनचे कार्य

तंबाखूतील ज्या द्रव्यामुळे व्यसन जडते, त्याचे नाव निकोटीन. १८२८ साली पोसेल्ट व राइमान या जर्मन शास्त्रज्ञांनी ते शुद्ध रूपात वेगळे केले. धूर फुप्फुसांत गेल्यावर निकोटीन रक्तात मिसळते आणि १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथील पेशींवर काही विशिष्ट ग्राहक-स्थाने असतात. निकोटीन त्यांना चिकटले की डोपामीन नावाचे द्रव्य स्रवते व क्षणभर समाधान वाटते.

हे समाधान टिकाऊ नसते. रक्तातील निकोटीन दर दोन तासांनी सुमारे निम्मे होते. ते उतरू लागले की अस्वस्थता वाटते. पुन्हा विडी ओढली की ती शमते. विडीने मन शांत होते, असे ओढणाऱ्यास वाटते. वास्तविक मागच्या विडीने निर्माण केलेली अस्वस्थताच पुढची विडी काही काळ दूर करीत असते. शिवाय नित्य धूम्रपानाने मेंदूतील ग्राहक-स्थानांची संख्या वाढते, आणि धूम्रपान थांबवल्यावर ती पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात.

व्यसनाचे दुसरे मूळ शिकण्याच्या क्रियेत आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अन्नाबरोबर नेहमी ठरावीक ध्वनी ऐकवला, तर पुढे तो ध्वनी ऐकताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत चहाचा पेला, जेवणानंतरची सुपारी, कामाच्या सुटीचा भोंगा, रात्रपाळीतील एकांत आणि स्नेह्याची आगपेटी हे असे संकेत होऊन बसतात. दिवसाला दहा विड्या आणि प्रत्येक विडीचे दहा झुरके धरले, तर वर्षाला ३६,५०० वेळा हा पाठ गिरवला जातो. निकोटीन शरीरातून काही दिवसांत निघून जाते. परंतु गिरवलेला पाठ इतक्या लवकर पुसला जात नाही. म्हणूनच तीन महिने विडीला न शिवलेल्या मनुष्यालाही एखाद्या लग्नघरी अकस्मात तल्लफ येते.

३. सोडल्यानंतरचे दिवस

धूम्रपान थांबवल्यावर चिडचिड, बेचैनी, झोपमोड, एकाग्रतेचा अभाव, वाढलेली भूक व मलावरोध ही लक्षणे दिसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सर्वांत तीव्र असतात आणि दोन ते चार आठवड्यांत बहुधा ओसरतात. ज्यांनी कोणाचेही साहाय्य न घेता सोडले, त्यांच्यापैकी पुष्कळजण पहिल्या आठवड्यातच पुन्हा ओढू लागतात. वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. हा आकडा निराश होण्यासाठी दिलेला नाही. पहिल्या काही दिवसांतच साहाय्याची सर्वांत अधिक गरज असते, हे त्यावरून ध्यानात येते.

सकाळी विडी ओढल्यावाचून शौचास होत नाही, अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. निकोटीन आतड्यांच्या हालचालीस चालना देते, म्हणून काही दिवस हा त्रास होणे स्वाभाविक आहे. भरपूर पाणी, पालेभाज्या, फळे आणि चालण्याचा व्यायाम यांनी तो दूर होतो.

चहा-कॉफीविषयीची एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. तंबाखूच्या धुरातील द्रव्यांमुळे यकृत कॅफीनचा निचरा त्वरेने करते. धूम्रपान थांबले की हा वेग मंदावतो व तितकाच चहा घेतला तरी कॅफीन शरीरात अधिक काळ राहते. त्यामुळे झोप उडते, हात थरथरतात, आणि दोष मात्र विडी सोडण्यास दिला जातो. यास्तव त्या दिवसांत चहा-कॉफी कमी करावी. काही औषधांच्या बाबतीतही असेच घडते; म्हणून नित्य औषध घेणाऱ्याने धूम्रपान सोडल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

तल्लफेचा जोर बहुधा काही मिनिटेच टिकतो. तेवढा वेळ निभावून नेण्यासाठी पाणी सावकाश प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, तोंडात लवंग, वेलदोडा किंवा बडीशेप धरावी आणि जागेवरून उठून दुसऱ्या कामास लागावे. मात्र विडीऐवजी तंबाखू-चुना, मिश्री किंवा गुटखा धरणे म्हणजे व्यसन सोडणे नव्हे. निकोटीन तेच राहते आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

४. लाभाचे माप

ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाची माहिती नोंदवून घेतली व पुढे त्यांच्या आरोग्याचा मागोवा ठेवला. ५० वर्षांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. सतत सिगारेट ओढणारे इतरांपेक्षा सरासरीने सुमारे १० वर्षे आधी मरण पावले. परंतु ज्यांनी वयाच्या ६०, ५०, ४० व ३० च्या सुमारास सोडले, त्यांना अनुक्रमे सुमारे ३, ६, ९ व १० वर्षांचे आयुष्य परत मिळाले. ‘आता वय झाले, सोडून काय उपयोग?’ या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे. साठीतही सोडले तरी तीन वर्षे पदरात पडतात. तिशीत सोडले तर जवळजवळ सर्व हानी टळते.

५. सोबतीचे सामर्थ्य

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे गाव आहे. १९४८ पासून तेथील रहिवाशांच्या हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे. त्या नोंदींवरून क्रिस्टाकिस व फाउलर या संशोधकांनी १९७१ ते २००३ या काळातील १२,०६७ व्यक्तींचे परस्परसंबंध तपासले आणि २००८ साली निष्कर्ष मांडले. पती-पत्नींपैकी एकाने धूम्रपान सोडले, तर दुसऱ्याने ते करीत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली. भावंडाने सोडल्यास ती २५ टक्क्यांनी, मित्राने सोडल्यास ३६ टक्क्यांनी आणि लहान कचेरीतील सहकाऱ्याने सोडल्यास ३४ टक्क्यांनी कमी झाली. माणसे एकेकटी सुटत नव्हती. मंडळीच्या मंडळी एकत्र सुटत होत्या.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सारख्या स्वभावाची व आवडीनिवडीची माणसे मुळातच एकत्र येतात. म्हणून अशा निरीक्षणांवरून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. तथापि सल्ला व पाठपुरावा यांचे प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. दूरध्वनीवरून अनेक वेळा सल्ला मिळालेल्यांत धूम्रपान सोडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा एकतृतीयांशाहून अधिक वाढलेले आढळले.

भारतात २००२ सालच्या सुमारास तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू झाली. २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत राष्ट्रीय दूरध्वनी सेवा उघडण्यात आली, आणि २०१८ साली मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था आणि गुवाहाटीची डॉ. बी. बरुआ कर्करोग संस्था येथेही तिची केंद्रे झाली. सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ असून दूरध्वनी करण्यास पैसे पडत नाहीत. हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवरही छापलेला असतो. समुपदेशक प्रथम दूरध्वनी करणाऱ्याची सवय समजावून घेतात, सोडण्याचा दिवस त्याच्याकडूनच ठरवून घेतात आणि पुढे ठरावीक अंतराने स्वतः दूरध्वनी करून विचारपूस करतात.

घरच्या मंडळींचे कार्यही याच प्रकारचे आहे. सोडण्याचा दिवस सर्वांना ठाऊक असावा. त्याच्या आदल्या रात्री विड्या, आगपेट्या व राखदाणी घरातून काढून टाकावी. पहिल्या पंधरवड्यातील चिडचिड औषधाच्या कडवटपणासारखी सोसावी. खिसे तपासणे आणि टोमणे मारणे यांनी मनुष्य लपूनछपून ओढू लागतो. ‘आज कितवा दिवस?’ एवढा साधा प्रश्न त्याला अधिक बळ देतो. सोबत्यांनी त्याच्यासमोर विडी पेटवू नये, त्याला देऊ तर मुळीच नये. दोघा सहकाऱ्यांनी एकाच दिवशी सोडण्याचे ठरवले, तर सुटीच्या वेळी विडीच्या जागी गप्पांची सोबत राहते.

६. औषधांचे साहाय्य

१९६७ साली क्लेस लुंडग्रेन या स्वीडिश संशोधकास असे आढळले की, पाणबुडीवरील नाविकांना धूम्रपान करता येत नसे, तेव्हा ते तोंडात तंबाखू धरून निभावीत. हे त्याने ओव्हे फर्नो या रसायनशास्त्रज्ञास कळवले. त्यातूनच पुढे निकोटीनयुक्त चघळण्याचा गम तयार झाला. धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड टाळून निकोटीनची थोडी मात्रा द्यायची आणि ती हळूहळू घटवीत न्यायची, हे या उपचाराचे तत्त्व आहे. त्वचेवर चिकटवण्याच्या पट्ट्याही याच तत्त्वावर चालतात. या उपचारांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. गम सतत चघळू नये. थोडा चघळून गाल व हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावा, आणि त्या वेळी चहा-कॉफी घेऊ नये. व्हॅरेनिक्लीन व ब्युप्रोपिऑन ही निकोटीनविरहित औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. औषध व समुपदेशन एकत्र मिळाल्यास कोणत्याही एकापेक्षा अधिक फळ येते.

७. घसरल्यास

कित्येक आठवडे टिकल्यावर एखादी विडी ओढली गेली, तर ‘आता सर्व व्यर्थ गेले’ असे मनुष्यास वाटते, आणि या विचारानेच दुसरी विडी पेटते. एक विडी ओढणे आणि व्यसनात परत जाणे यांत अंतर आहे. त्याच दिवशी कोणास तरी सांगावे, दूरध्वनी सेवेशी पुन्हा संपर्क साधावा, आणि ती विडी कोठे, कोणत्या वेळी व कोणाबरोबर ओढली गेली हे लिहून ठेवावे. पुढच्या वेळी कोणत्या संकेतापासून सावध राहावयाचे, हे त्या नोंदीवरून कळते. जे शेवटी कायमचे सुटले, त्यांतील पुष्कळांचे आधीचे प्रयत्न फसलेले होते. फसलेल्या प्रयत्नातून मिळालेली माहिती हाती घेऊन नवा दिवस ठरवावा. आणि आप्तेष्टांनीही, मागच्या वेळी काय झाले याचा उच्चार न करता, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजण्यास आरंभ करावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विडीने मन शांत होते, हा समज कसा निर्माण होतो?
२. निकोटीन शरीरातून निघून गेल्यावरही तल्लफ का येते? पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगाच्या आधारे सांगा.
३. धूम्रपान सोडणाऱ्याने चहा-कॉफी कमी का करावी?
४. फ्रेमिंगहॅमच्या निष्कर्षांवरून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध का होत नाही?
५. आपल्या ओळखीच्या एखाद्या व्यक्तीने धूम्रपान सोडण्याचे ठरवले, तर पहिल्या आठवड्यात घरातील मंडळी कोणते साहाय्य करू शकतील, याची यादी करा.